आबांच्या कानांवरच्या पिवळ्या वाट्या

आमच्या घराला शांतता परवडणारी नव्हती. सिरसाळ्यात आमची पिठाची गिरणी होती, आणि ती चालू आहे हे गावाला कळावं म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, इंजिनाच्या धुराच्या नळीवर एक लोखंडी डबडं बसवून घेतलं होतं. धूर त्यातून बाहेर पडताना पुक्-पुक् असा आवाज यायचा आणि तो पार शिवारापर्यंत पोचायचा. आम्ही त्याला पुकपुकी म्हणायचो. पुकपुकी वाजली की बायका डब्यांत धान्य भरून निघायच्या. बाजारपेठेतल्या दुसऱ्या गिरणीवाल्याने आपली पुकपुकी मोठी केली की आबा आमची त्याहून मोठी करायचे. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात आवाज वाढवण्यासाठी जीवाचं रान केलं, त्याच माणसाच्या कानांसाठी आवाज मारणारं यंत्र शोधायची पाळी माझ्यावर आली.

तसं विजेची मोटरही होती आमच्याकडे. पण वीज तयार व्हायची परळीत आणि आमच्या डोक्यावरच्या तारांमधून ती कुठल्या तरी मोठ्या शहरात निघून जायची. आम्हाला तिचं दर्शन अधूनमधून. त्यामुळे आबांचा सगळा भरवसा इंजिनावर. एका बाजूला ते इंजिन, मधे दळणाचे दगड, आणि भिंतीला लागून मिरची-हळद कांडायचं यंत्र. दगडांपाशी आबा आणि कांडपापाशी माय. कांडपाच्या लोखंडी मुसळ्या धाडधाड खाली आदळायच्या, मिरचीचा खकाणा उडायचा, आणि माय पदराने नाकतोंड आवळून बांधून बसायची. फक्त डोळे दिसायचे.

अशा घरात वाढलेल्या आम्हा सगळ्यांचेच आवाज मोठे होते. मला परळीला एसटीडी बूथवर काम मिळालं ते त्याच गुणावर मिळालं असं माय म्हणायची. तिथे माझ्यासमोर माणसं काचेच्या खोलीत उभी राहून पुण्याच्या पाहुण्याशी अशी ओरडून बोलायची की फोनची तार मधे कशाला हवी असं वाटावं. दिवसभर ते ऐकून मी एसटीने घरी यायची आणि दारातूनच पुकपुकी स्वागत करायची.

आबांना कमी ऐकू येतं हे आम्हाला माहीत होतं. गिरणीवाल्याला कमीच ऐकू यायचं, त्यात काय एवढं. पण एकदा गिऱ्हाईक बाई ज्वारी ज्वारी ओरडत असताना आबांनी तिच्यापाशी गव्हाच्या दळणाचा आग्रह धरला, तेव्हा मायने त्यांना धरून अंबाजोगाईच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी यंत्र लावून तपासलं. म्हणाले, उजवा कान गेला आहे. डावा निम्मा शिल्लक आहे. तो वाचवायचा असेल तर गिरणीत कान झाकून बसा.

मायने घरी येईपर्यंत दम काढला आणि मग ओट्यावर उभी राहून निकाल दिला. "डावा गेला की गिरणीला कुलूप. वैजनाथाची आन घेऊन सांगते. मला मुक्या-बहिऱ्याचा संसार करायचा न्हाई."

आबा हसले. पण ते हसणं खरं नव्हतं, हे मलाही दिसलं. गिरणीशिवाय आबांना काही येत नव्हतं आणि यायला नकोही होतं. पहाटे उठून इंजिनाला हात लावला नाही तर त्यांना चहा गोड लागायचा नाही. त्या दिवसापासून आबांचा डावा कान म्हणजे घरातली सगळ्यात किमती वस्तू झाली आणि तो सांभाळायची जबाबदारी, शिकलेली म्हणून, माझ्यावर आली.

पहिला प्रयोग कापसाचा. सरकीच्या तेलात बुडवलेले कापसाचे बोळे मायने स्वतः आबांच्या कानांत कोंबले. आबा म्हणाले, "झ्याक हाय." आबा कशालाही झ्याकच म्हणायचे, लवकर सुटका व्हावी म्हणून. संध्याकाळी एक बाई पीठ परत घेऊन आली. तिच्या भाकरीच्या पिठात तेलकट बोळा निघाला होता. तिने तो चिमटीत धरून ओट्यावर ठेवला आणि तो कशाचा आहे हे आम्ही तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मग कानटोपी. बीड जिल्ह्याच्या चैत्रात लोकरीची कानटोपी घालून इंजिनाजवळ बसलेला माणूस बघायला गल्लीतली पोरं जमली, एवढंच सांगते.

त्या दिवसांत परळीत नव्या वस्तू अशा येत होत्या की दुकानदारांनाच त्यांचा उपयोग ठाऊक नसायचा. आमच्या बूथच्या शेजारी एक चाचा रेडिओ-टेप दुरुस्त करायचे. त्यांच्या फळीवर दुबईहून आलेल्यांनी विकलेलं, मुंबईहून आणलेलं, अर्धं मोडलेलं असं काय काय असायचं. मी त्यांना आबांच्या कानांची कथा सांगितली. त्यांनी ती हातातलं काम बाजूला ठेवून ऐकली, कारण रेडिओची खरखर ऐकून ऐकून त्यांचेही कान विटले होते. म्हणाले, "बेटी, घेऊन जा. कानाला पटलं न्हाई तर वापस आण. आपली काही जबरदस्ती न्हाई."

पहिला नेला तो वॉकमनचा हेडफोन. पातळ पत्र्याची पट्टी आणि दोन्ही टोकांना नारिंगी स्पंजच्या चकत्या. त्याने आवाज अडेल अशी माझी समजूत होती. मी शिकलेली होते, पण इतकी नाही. स्पंजने आवाज अडवला नाही, पीठ मात्र सगळं अडवलं. दुपारपर्यंत नारिंगी चकत्या पांढऱ्या झाल्या आणि मिरची कांडल्यावर लाल. आबांचे कान रात्री दिव्यासारखे पेटले होते. तरी आबांना तो हेडफोन फार आवडला, कारण त्यांनी त्याची लोंबती तार सदऱ्याच्या खिशात खोचून ठेवली होती आणि आपण गाणी ऐकतोय असं गावाला वाटू दिलं होतं. दोन दिवस भाव वाढला. तिसऱ्या दिवशी एक म्हातारा म्हणाला, "मालक गाणी ऐकतेत, अन् पीठ जाडं यायलंय." हेडफोन परत गेला.

इथे मायची परीक्षा सांगायला हवी. आबा सगळ्यालाच झ्याक म्हणतात म्हटल्यावर त्यांच्या शब्दावर विसंबण्यात अर्थ नव्हता. मायने स्वतःची तपासणी काढली. गिरणी चालू असताना ती आबांच्या समोर जाऊन उभी राहायची आणि आमच्या आत्याची, म्हणजे आबांच्या थोरल्या बहिणीची, निंदा करायची. आत्या म्हणजे आबांचं दैवत. मायचा हिशेब सरळ होता: नवरा चिडला तर आवाज आत गेला, हेडफोन नापास. चिडला नाही तर पास. मला वाटतं या तपासणीत मायचा स्वतःचाही थोडा फायदा होता. इतक्या वर्षांचं साठलेलं तिला औषधाच्या नावाखाली बोलता येत होतं.

स्पंजच्या वेळी ती पदर खाली करून म्हणाली, "तुमच्या बहिनीनं दिलेलं लुगडं पोतेरं करायच्या लायकीचं हुतं."

"ए, तिचं नाव काढायचं न्हाई!" आबा गरजले. नापास.

नंतर आला दुबईचा हेडफोन. चाचांकडे कुणाच्या तरी मेहुण्याने तो टाकला होता. काळा, जाड गाद्यांचा, एक गादी फाटलेली. ती चाचांनी रेक्झिनचा तुकडा लावून शिवून दिली. त्याच्या तारेला एक छोटी डबी, तिच्यात पेन्सिल सेल, एक बटण आणि एक लाल दिवा. चाचा म्हणाले, हे यंत्र आवाजाला आवाजाने मारतं. मला ते पटलं नाही. पण मी तो आधी स्वतःवर लावून बघितला, परळी ते सिरसाळा, एसटीत, इंजिनाजवळच्या सीटवर बसून. बटण दाबलं आणि काय सांगू, गाडीची घरघर कुणीतरी खाली बसवल्यासारखी बसली. कानात फक्त एक बारीक सूं राहिलं. मात्र कंडक्टरची टिकटिक, पाठीमागच्या बाईचं सुनेचं गाऱ्हाणं, खिडकीच्या काचेचा खडखडाट हे सगळं जसंच्या तसं, उलट जास्तच स्पष्ट. मला वाटलं, गिरणीसाठी हेच हवं. इंजिन जाईल आणि माणसं राहतील.

गिरणीत तो तसाच वागला. इंजिनाची घरघर त्याने बरीच मारली; कांडपाच्या धाडधाडीपुढे मात्र हात टेकले. दिवसभर लाल दिवा चालू ठेवला की सेल संपायचे आणि संपले की सूं सुद्धा बंद. आणि मायच्या परीक्षेत तर तो पहिल्याच वाक्याला आपटला. ती समोर उभी राहून नुसती "तुमची बहीन" एवढंच म्हणाली आणि आबांच्या भुवया वर. मी म्हटलं, माय, हा माणसांचे आवाज आत येऊच देतो. ती म्हणाली, मग त्याला यंत्र कावून म्हनायचं? तो पण परत गेला.

शेवटी पिवळ्या वाट्या आल्या. वीजकेंद्राकडच्या रस्त्याला भंगारवाले बसायचे, त्यांच्याकडून चाचांनी त्या मिळवल्या. मोठ्या यंत्रांजवळ काम करणारे कामगार लावतात तशा, जाड प्लास्टिकच्या दोन पिवळ्या वाट्या, आतून गादी, वरून लोखंडी पट्टी. ना तार, ना सेल, ना दिवा. चाचांनी माझ्या कानांवर बसवल्या आणि समोर रेडिओ पूर्ण मोठा केला. त्यांचे ओठ हलताना दिसत होते आणि रेडिओ जणू शेजारच्या गावात वाजत होता. पट्टी कानशिलं आवळत होती, घाम येत होता, पण एवढ्या स्वस्तात याच्याहून चांगली वस्तू नाही हे माझं मत तिथेच पक्कं झालं.

आबांना त्या मुळीच आवडल्या नाहीत. गाणी ऐकतोय असं यात दाखवता येत नव्हतं. पुन्हा गिऱ्हाइकासमोर कान बंद करून बसणं म्हणजे त्यांना उद्धटपणा वाटायचा. मग त्यांनी तोडगा काढला: वाट्या लावायच्या आणि वरून डोक्याला रुमाल गुंडाळायचा. त्यामुळे त्यांचं डोकं गणपतीतल्या मखरासारखं रुंद दिसायला लागलं, पण निदान पिवळा रंग झाकला गेला.

आणखी एक सांगायचं राहिलं. आमच्या नात्यात आबांची एका गोष्टीवरून चेष्टा व्हायची. माय बोलायला लागली की आबा हातातलं काम सोडून तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. लग्नाकार्यात माझ्या मावश्या म्हणायच्या, "आमच्या दाजीला अजून बायकोचं कौतिक सरंना." माय लाजायची, वरवर रागवायची. आम्ही पोरंही हसायचो. संध्याकाळी वीज गेली की मात्र आबा अगदी गप्प. कंदील लागेपर्यंत कुणी काही विचारलं तरी उत्तर नाही. माय म्हणायची, या मानसाला अंधाराची भीती वाटती.

तर तो दिवस. उन्हाळा होता, वर्षाच्या मसाल्याचे दिवस, मिरचीच्या पोत्यांची रांग लागलेली. मला सुट्टी होती. खकाणा इतका की मी दारातच शिंकत उभी. आबा दगडांपाशी, डोक्याला रुमाल, एक हात दाणे ओतायच्या पत्र्याच्या नरसाळ्यावर टेकलेला. मायने मला डोळ्यांनीच खुणावलं, की आता वाट्यांची परीक्षा. मिरचीमुळे तिला पदर काढता येत नव्हता. ती तशीच, बांधलेल्या तोंडाने, आबांच्या समोर गेली आणि सुरू झाली. मला दारात सगळं ऐकू येत होतं. लुगड्यापासून सुरुवात झाली. मग माझ्या बारशाला आत्याने धरलेला रुसवा, मग तिने नेलेलं आणि परत न दिलेलं पितळेचं पातेलं, मग तिचं घोरणं. आबा शांत. उलट मायकडे बघून गोड हसले.

माय माझ्याकडे धावत आली. तिच्या डोळ्यांत मिरचीचं पाणी होतं की आनंदाचं कोण जाणे. "पास!" ती ओरडली. "पोरी, पास! डावा वाचला!"

मलाही रडू आलं, खोटं कशाला सांगू. इतक्या प्रयोगांनंतर घरातली किमती वस्तू सुरक्षित झाली होती. तेवढ्यात आबांनी घाम पुसायला डोक्यावरचा रुमाल सोडला.

आत वाट्या नव्हत्या. त्या पाठीमागच्या खिळ्याला टांगलेल्या होत्या, पिठाने भरलेल्या. कानशिलं दुखतात म्हणून आबांनी त्या सकाळीच काढून ठेवल्या असणार आणि आम्हाला फसवायला वरून नुसताच रुमाल बांधला होता.

मला आधी राग आला. काहीतरी बोलणार, तर मायने माझा हात धरला. ती आबांकडे बघत होती. मग हळूच त्यांच्यापाशी गेली. पदर खाली केला, एकदा जोरात शिंकली आणि साध्या आवाजात, अगदी साध्या, म्हणाली, "च्या ठिवू का?"

"ठिव की," आबा म्हणाले.

तिने पदर पुन्हा तोंडावर घेतला. या वेळी मोठ्याने, मला दारात दचकायला होईल इतक्या मोठ्याने, विचारलं, "च्या ठिवू का, अवो?"

आबा तिच्याकडे बघत राहिले. तेच नेहमीचं बघणं, ज्याची आम्ही सगळे चेष्टा करायचो. पण आपण पकडले गेलो हे आता त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांची नजर तिच्या तोंडावरून सरकली आणि खाली पिठाकडे गेली.

मायने जाऊन इंजिन बंद केलं. आबांची पाठ तिच्याकडे होती, पण थरथरत्या नरसाळ्यावर हात होता. ते लगेच वळले. "बंद कावून केलं?"

भर दुपारी पुकपुकी थांबलेली, त्यामुळे आळीतल्या दोन बायका विचारायला आल्या, काय झालं म्हणून. माय म्हणाली, पट्टा तुटला.

चहा पिताना आबांनी सगळं सांगितलं. डावा कानही तेव्हाच गेलेला होता. अंबाजोगाईला डॉक्टरांनी सांगितलं होतं, आवाज आला की बोट वर करा. हे डॉक्टरांचा हात बघायचे. हात बटणावर गेला की बोट वर. "निम्मा ठेवला तेच लई झालं म्हनायचं," आबा म्हणाले. "खरं सांगितलं असतं तर तू तवाच कुलूप लावलं असतंस." मायने कपाळाला हात लावला. मग विचारलं, माझ्याकडं बघत बसायचात ते कशासाठी? आबा म्हणाले, "दुसऱ्या कुनाचं तोंड मला वाचता येत न्हाई. तुझं येतं." तिने तोंड फिरवलं. मग काहीतरी आठवून परत समोर केलं.

म्हणजे स्पंजही नापास नव्हता आणि दुबईवालाही नव्हता. आम्ही कानांची परीक्षा घेत होतो आणि उत्तरं डोळे देत होते. मला दुबईच्या हेडफोनबद्दल अजून वाईट वाटतं.

कुलूप लागलं नाही. मायने वैजनाथाची आन घेतली होती खरी, पण ती सकाळी उठून म्हणाली, देवाला सांगितलं मी, ह्यो मानूस हाताने ऐकतो. आणि तिनेच मला इंजिनाला तेल घालायला लावलं. कांडपाला बायका खोळंबल्या होत्या. माय पदर बांधून बसणार, एवढ्यात आबांनी खिळ्यावरच्या पिवळ्या वाट्या काढल्या, फुंकर मारून पीठ उडवलं आणि तिच्या डोक्यावरून, पदरावरून, तिच्या कानांवर चढवायला लागले.

"मला कावून?" माय मागे सरली. "माझे कान धड हायत."

"धड हायत म्हनूनच," आबा म्हणाले.

इतकी यंत्रं मी आणली, चाचांना हैराण केलं, एसटीत हेडफोन घालून लोकांचं हसू ओढवून घेतलं, पण त्या धाडधाडीला अगदी चिकटून बसणाऱ्या बाईलाही कान आहेत हे मला एकदाही सुचलं नव्हतं. आबांना सुचलं. मायने पदराची गाठ वाट्यांच्या खालून घट्ट केली आणि मुसळ्या सुरू केल्या.

आबा दारात माझ्याजवळ येऊन उभे राहिले. आता परीक्षक ते होते. तिच्या पाठीकडे बघत, गिरणी दणाणेल अशा आवाजात म्हणाले, "तुझा भाऊ लई कंजूस हाय!" माय मिरच्या सारत राहिली. आबांना अतिशय आनंद झाला. त्यांनी माझ्या मामाबद्दल आणखी बऱ्याच गोष्टी सांगितल्या. त्या इथे लिहीत नाही, कारण मामाची मुलं हे वाचतील. ओट्यावर बसलेल्या गिऱ्हाईक बायका पदरात तोंड घालून हसत होत्या.

मग जरा थांबून, त्याच मोठ्या आवाजात, कारण दुसरा आवाज त्यांच्याकडे राहिलाच नव्हता, आबा म्हणाले, "तुझा आवाज लई गोड हुता." आणि नरसाळ्यावर हात ठेवायला निघून गेले.

बायका हसायच्या थांबल्या. माय मिरच्या सारत होती.

हे मी तिला पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं, आबा गेल्यानंतर. गिरणी माझ्या भावाकडे होती, सगळं विजेच्या मोटरवर चालत होतं, पुकपुकी भंगारात गेली होती. मायचे कान तेव्हाही शाबूत होते. फोनवर माझा आवाज जरा पडला तरी तिला कळायचं. तिने ऐकलं. मला वाटलं, रडेल.

"असं म्हनले?" ती म्हणाली. "अन् तू दारात उभी हुतीस?"

"हो."

"मग येडे," माय म्हणाली, "पळत येऊन माझ्या कानावरनं ते काढायचं न्हाई का!"